चार, आठ, बारा, चार : एका संपाचे कागद

१४ फेब्रुवारी २०२२ हा सोमवार होता. नायजेरियातील विद्यापीठीय प्राध्यापकांच्या संघटनेची राष्ट्रीय कार्यकारिणी आदले दोन दिवस लागोस विद्यापीठात बसली होती. सोमवारी अध्यक्ष प्रा. इमॅन्युएल ओसोडेके यांनी पत्रकारांसमोर निर्णय वाचून दाखवला : चार आठवड्यांचा इशारा-संप. अध्यापन नाही, परीक्षा नाहीत, सभा नाहीत. संघटनेचे नाव अकॅडेमिक स्टाफ युनियन ऑफ युनिव्हर्सिटीज, स्थापना १९७८ची. केंद्रीय आणि बहुतेक राज्य विद्यापीठांतले अध्यापक तिचे सभासद. त्यामुळे या एका निवेदनाने देशातली बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे बंद झाली.

हे निवेदन आज हाती घेतले की नजर 'चार आठवडे' या शब्दांवर अडते, कारण पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. १४ मार्चला दुसरे निवेदन निघाले : आणखी आठ आठवडे. ९ मेला तिसरे : आणखी बारा. १ ऑगस्टला चौथे : आणखी चार. कॅलेंडर घेऊन हिशेब केला तर चारही मुदती एकमेकींना तंतोतंत जुळतात. प्रत्येक मुदत सोमवारी संपते आणि त्याच सोमवारी पुढची सुरू होते. मध्ये एका दिवसाचीही फट नाही. अठ्ठावीस आठवड्यांनी, म्हणजे २९ ऑगस्टला, पाचवे निवेदन आले. त्यात आठवड्यांचा आकडाच नव्हता. रविवार-सोमवारच्या मध्यरात्री १२ वाजून १ मिनिटापासून संप बेमुदत झाला. तो स्थगित झाला १४ ऑक्टोबरला. एकूण २४२ दिवस, तारखेला तारीख धरून बरोबर आठ महिने.

हे सारे निर्विवाद आहे. निवेदने उपलब्ध आहेत, वृत्तपत्रांनी ती त्या-त्या दिवशी छापली आणि सरकारनेही तारखांबाबत कधी वाद घातला नाही. वाद आहे तो या तारखांतून काय वाचायचे याचा.

वाढीव मुदतीच्या निवेदनांत एक कारण पुन्हा पुन्हा येते : प्रलंबित प्रश्न समाधानकारकपणे सोडवायला सरकारला अधिक वेळ मिळावा. संघटनेच्या बाजूने पाहिले तर याला संयम म्हणता येईल, कारण दर मुदतीअखेर तडजोडीला दार उघडे राहत होते. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र पालटते. आठ महिने जातील हे १४ फेब्रुवारीला कुणी सांगितले असते, तर एखाद्याने नोकरी धरली असती, कुणी शिवणकाम किंवा संगणकदुरुस्ती शिकले असते, कुणी गावी जाऊन शेतीचा हंगाम साधला असता. पण त्याला सांगितले गेले चार आठवडे. मग आठ. मग बारा. चार आठवड्यांसाठी कुणी नोकरी धरत नाही, आणि ठेवणाराही ठेवत नाही. नायजेरियात वसतिगृहाबाहेरच्या खोलीचे भाडे बहुधा वर्षाचे आगाऊ घेतात. ते भरलेले होते, आणि खोली सोडावी तर पुढच्या सोमवारी विद्यापीठ उघडलेच तर काय, ही धास्ती होती. या संपाने केलेल्या नुकसानीचा मोठा वाटा त्याच्या लांबीत नाही, ती लांबी हप्त्याहप्त्याने कळण्यात आहे, असे माझे मत आहे. हे अनुमान आहे. त्याच्या पुष्टीसाठी आणखी कागद पाहावे लागतील, आणि त्यांतले काही संघटनेच्या नव्हे तर सरकारच्या दफ्तरातले आहेत. हप्ते तिथेही पाडले गेले होते.

या तंट्याचा मूळ दस्तऐवज म्हणजे २००९चा करार. सरकार आणि संघटना यांच्या वाटाघाटी डिसेंबर २००६मध्ये सुरू झाल्या. सरकारी बाजूचे प्रमुख होते गॅमालिएल ओनोसोडे, उद्योगक्षेत्रातले वजनदार गृहस्थ. करारावर सह्या झाल्या २१ ऑक्टोबर २००९ला, जवळजवळ तीन वर्षांनी आणि त्याच वर्षीच्या सुमारे चार महिन्यांच्या संपानंतर. पगाराची नवी रचना, प्राध्यापकांचे निवृत्तीचे वय ७०, विद्यापीठांची स्वायत्तता, आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी २००९ ते २०११ या तीन वर्षांत मिळून सुमारे दीड लाख कोटी नायरांची गरज, अशी त्याची मुख्य कलमे. शिवाय एक साधे दिसणारे कलम होते : दर तीन वर्षांनी कराराचा फेरविचार व्हावा.

मला हे कलम सगळ्यांत महत्त्वाचे वाटते. फेरविचार २०१२मध्ये व्हायला हवा होता. २०१७मध्ये वाले बाबालाकिन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, मग मुन्झाली जिब्रिल यांची, आणि २०२२चा संप सुरू झाल्यावर निमी ब्रिग्ज यांची. समित्या बदलल्या, घोंगडे भिजतच राहिले. २०२२मध्ये प्राध्यापकांचा पगार २००९च्याच रचनेवर चालू होता. त्या मधल्या काळात नायराचे काय झाले? २००९मध्ये एका डॉलरला सुमारे १५० नायरा पडत. २०२२मध्ये सरकारी दरानेच चारशेच्या वर, आणि खुल्या बाजारात त्याहून कितीतरी जास्त. पगारपत्रकावरचा आकडा तोच राहिला, त्याची किंमत निम्म्याच्याही खाली आली. या मुद्द्यावर संघटनेचे म्हणणे तपासायला संघटनेच्या कागदांची गरजच नाही. विनिमयदराचा तक्ता पुरेसा आहे.

दुसरा दस्तऐवज सरकारचा स्वतःचा, आणि म्हणून अधिक बोलका. २०१२मध्ये सार्वजनिक विद्यापीठांची गरज-पाहणी झाली. समितीचे अध्यक्ष होते प्रा. महमूद याकुबू, जे पुढे देशाच्या निवडणूक आयोगाचे प्रमुख झाले. (त्यांच्या आधी त्या पदावर होते अताहिरू जेगा, आणि ते १९८८ ते १९९४ या लष्करी राजवटीच्या काळात याच प्राध्यापक संघटनेचे अध्यक्ष होते. नायजेरियात निवडणुकीचे निकाल जाहीर करायलाही विद्यापीठांचे प्राध्यापक लागतात. ज्यांच्या शब्दावर सरकारे ठरतात त्यांच्या पगाराचा करार मात्र तेरा वर्षे तसाच पडून राहिला, हा विरोधाभास नोंदवून पुढे जाऊ.) पाहणीत ६१ विद्यापीठे होती. विद्यार्थी १२ लाख ५२ हजार ९१३, अध्यापक ३७ हजार ५०४. अध्यापकांपैकी पीएच.डी. झालेले सुमारे ४३ टक्के. अध्यापकेतर कर्मचारी अध्यापकांच्या दुपटीहून जास्त. लागोस राज्य विद्यापीठात एका अध्यापकामागे ११४ विद्यार्थी, अबुजा विद्यापीठात १२२. काही प्रयोगशाळांत बुन्सेन बर्नरच्या जागी रॉकेलचे स्टोव्ह.

हा स्टोव्ह महत्त्वाचा साक्षीदार आहे. संपाचा विचार करताना आपण गृहीत धरतो की वर्ग चालू होते आणि संपाने ते बंद पाडले. या अहवालाच्या उजेडात ते गृहीतक नीट उभे राहत नाही. जे बंद पडले ते आधीच किती चालू होते, हाही प्रश्न पडतो. संघटनेने हाच युक्तिवाद वर्षानुवर्षे केला आणि तो सरकारी अहवालाच्या आधारे केला. तरीही मला त्यात एक फट दिसते. रॉकेलच्या स्टोव्हवर झालेला प्रयोग आणि न झालेला प्रयोग यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने फरक असतोच.

अहवालानंतरच्या वर्षी, १ जुलै २०१३ला संप सुरू झाला आणि साडेपाच महिने चालला. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन स्वतः प्राणिशास्त्राचे पीएच.डी. आणि एकेकाळचे अध्यापक. ४ नोव्हेंबरला त्यांनी संघटनेच्या नेत्यांबरोबर सुमारे तेरा तास बैठक केली, पहाटेपर्यंत. बैठकीत पुढे आलेल्या प्रस्तावावर विचार करण्यासाठी कार्यकारिणीची सभा कानोला ठरली. तिकडे जाताना १२ नोव्हेंबरला, कोगी राज्याच्या राज्यपालांच्या ताफ्यातील गाडीशी झालेल्या अपघातात, प्रा. फेस्टस इयायी यांचा मृत्यू झाला. ते संघटनेचे माजी अध्यक्ष, बेनिन विद्यापीठाचे अध्यापक, आणि 'हीरोज' या कादंबरीसाठी राष्ट्रकुल पुरस्कार मिळालेले लेखक. संप आणखी लांबला. ११ डिसेंबरला सामंजस्य करार झाला आणि १७ डिसेंबरला संप मागे घेतला गेला.

त्या सामंजस्य करारातले आकडे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहेत. विद्यापीठांच्या पुनरुज्जीवनासाठी एकूण १ लाख ३० हजार कोटी नायरा. पैकी २०१३मध्ये २० हजार कोटी, आणि २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षे दरवर्षी २२ हजार कोटी. बेरीज बरोबर येते. करार लिहिणाऱ्यांना गणित येत होते. पहिला हप्ता मिळाला. त्यानंतरचा माग पुढच्या करारांत सापडतो. १३ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर २०१७च्या संपानंतर चर्चेत असलेली रक्कम २ हजार कोटींवर आली होती. नोव्हेंबर २०१८ ते ७ फेब्रुवारी २०१९च्या संपानंतरच्या कृतिपत्रात २,५०० कोटी. डिसेंबर २०२०च्या कृतिपत्रात ३ हजार कोटी, आणि त्यासोबत थकलेल्या भत्त्यांसाठी ४ हजार कोटी, तेही विद्यापीठांतल्या इतर संघटनांशी वाटून घ्यायचे.

दरवर्षी २२ हजार कोटी, आणि सात वर्षांनी एकदाच ३ हजार कोटी. दरम्यानच्या चलनवाढीचा हिशेब यात धरलेलाही नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंच्या कागदांत एकच रीत दिसते. सरकार मोठे वचन देते आणि लहान हप्त्यांत ते विरवून टाकते. संघटना लहान संप जाहीर करते आणि मोठ्या हप्त्यांत तो वाढवते. पहिल्याने दुसरे घडवले का? कालक्रम त्या बाजूने आहे : वचनभंग आधीचा, हप्त्यांचा संप नंतरचा. पण केवळ आधी घडले म्हणून कारण ठरत नाही. संघटनेने सलग, बेमुदत संपही यापूर्वी केले होते; २०१३चा तसाच होता. २०२२मध्ये वेगळा मार्ग का निवडला, याचे थेट उत्तर निवेदनांत मिळत नाही. तडजोडीला वाव ठेवणे, जनमत सांभाळणे, सभासदांची तयारी अजमावणे हे तीनही तर्क शक्य आहेत. माझा कल दुसऱ्याकडे. एका फटक्यात आठ महिने जाहीर करणे कुठल्याही संघटनेला जड गेले असते.

आता विद्यार्थ्याकडे वळू. इथे कागद विरळ होतात, आणि काम खरे तर इथेच सुरू होते.

एक कल्पित विद्यार्थी घेऊ, २०१८च्या शेवटी चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला. त्याच्या वाटेला तीन संप आले : ४ नोव्हेंबर २०१८ ते ७ फेब्रुवारी २०१९ (९५ दिवस), ९ मार्च ते २४ डिसेंबर २०२० (२९० दिवस), आणि २०२२चे २४२ दिवस. बेरीज ६२७. वृत्तपत्रांतून आणि भाषणांतून अशाच बेरजा फिरतात. परंतु २०२०चा आकडा जसाच्या तसा धरणे योग्य नाही. दोन आठवड्यांच्या इशारा-संपानंतर तो २३ मार्चला बेमुदत झाला, आणि नेमक्या त्याच सुमारास कोविडमुळे देशातली सगळी विद्यापीठे सरकारी आदेशाने बंद झाली. शिक्षणसंस्था पुन्हा उघडायला सरकारने परवानगी दिली ती १२ ऑक्टोबरपासून. तेव्हा केवळ संपाच्या खात्यावर टाकता येतात ते सुरुवातीचे १४ दिवस आणि शेवटचे ७३, एकूण ८७. अशी कसून केलेली बेरीज ४२४ येते : सुमारे चौदा महिने. ६२७ आणि ४२४ यांतला फरक दोनशेहून अधिक दिवसांचा आहे, आणि जो संपाविरुद्ध बोलतो तो पहिला आकडा उचलतो. मी दुसरा उचलतो. तोही चार वर्षांच्या पदवीला पाचवे वर्ष चिकटवायला पुरेसा आहे.

पाचव्या वर्षाने काय बिघडते? उत्तर एका कायद्यात आहे. १९७३च्या मे महिन्यात, यादवी युद्धाच्या जखमा भरून याव्यात म्हणून, लष्करी सरकारने राष्ट्रीय युवा सेवादल स्थापन केले. पदवी घेतलेल्या प्रत्येकाने एक वर्ष सेवा करायची, बहुधा आपल्या प्रांताबाहेर. पदवीच्या तारखेला वय तिसाच्या पुढे गेले असेल तर मात्र त्याला बोलावले जात नाही. त्याला सूट-प्रमाणपत्र मिळते. कागदावर ही सवलत आहे. व्यवहारात सेवा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र अनेक मालक पहिल्यांदा मागतात, शिवाय सेवावर्षात सरकारकडून दरमहा भत्ता मिळतो. अनेकांना प्रवेशच दोन-तीन प्रयत्नांनी मिळतो, त्यामुळे विद्यापीठात पाऊल ठेवताना बावीस-तेविशी गाठलेली असणे तिथे नवलाचे नाही. त्यावर सहा वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम आणि चौदा महिने. कायदा वय पदवीच्या दिवशी मोजतो. विद्यापीठ किती दिवस बंद होते हे विचारत नाही.

न्यायालयाने मात्र विचारले. ८ सप्टेंबर २०२२ला कामगारमंत्री क्रिस एन्गिगे यांनी हा तंटा राष्ट्रीय औद्योगिक न्यायालयाकडे पाठवला. २१ सप्टेंबरला न्या. पॉलिकार्प हमान यांनी संघटनेला संप थांबवून कामावर परतण्याचा अंतरिम आदेश दिला. आदेशाचा कायदेशीर पाया तांत्रिक आहे : कामगार तंटा कायद्यानुसार तंटा न्यायालयाकडे गेल्यावर संप चालू ठेवता येत नाही. पण न्यायमूर्ती तेवढ्यावर थांबले नाहीत. खासगी शिक्षण न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांचे नुकसान, गेलेला वेळ भरून न येणे, आणि सैन्यदलासारख्या, वयाची अट असलेल्या नोकऱ्यांची संधी हुकणे, हे मुद्दे त्यांनी नोंदवले. आठ महिन्यांच्या सरकारी कागदांत विद्यार्थ्याचे वय मोजण्याचा विषय इतक्या ठळकपणे मला इथेच दिसतो.

या आदेशाला जोडून दोन गोष्टी पाहायला हव्यात, नाहीतर विद्यार्थी न्यायालयाकडे प्राध्यापकांविरुद्ध दाद मागत होते असा समज होईल. पहिली : त्याच सप्टेंबरमध्ये पाच विद्यार्थ्यांनी सेराप या नागरी हक्क संस्थेसोबत याच न्यायालयात वेगळा दावा लावला होता. त्यात प्रतिवादी होते सरकार. मागणी होती की सरकारने २००९चा करार पाळावा. दुसरी : १९ सप्टेंबरला, आदेशाच्या दोनच दिवस आधी, विद्यार्थ्यांनी लागोस विमानतळाकडे जाणारा रस्ता अडवला. प्रवासी सामानासकट पायी चालत निघाले, विमाने चुकली. विद्यार्थी संघटनेच्या घोषणांचा रोखही मुख्यतः सरकारवर होता. अडवायला विमानतळाचाच रस्ता निवडला यामागचा हिशेब त्यांनी लपवला नाही : ज्यांची मुले परदेशात शिकतात ते याच रस्त्याने जातात.

हा रोष साधार होता का? इथे एक मोहात पाडणारा आकडा पुढे येतो. जून २०२२ला संपलेल्या वर्षात ब्रिटनने नायजेरियन नागरिकांना ६५,९२९ विद्यार्थी-व्हिसा दिले. २०१९च्या तुलनेत ६८६ टक्के वाढ. हा आकडा संपावरच्या लेखांत हमखास सापडतो. पण तो या संपाचा परिणाम म्हणून वापरायला माझी तयारी नाही. एक तर त्या वर्षातले जेमतेम साडेचार महिने संपाचे आहेत, आणि व्हिसासाठी प्रवेश, पैसा, कागदपत्रे यांची तयारी त्याआधी कितीतरी दिवस सुरू होते. दुसरे, ब्रिटनने २०२१मध्ये शिक्षणानंतर दोन वर्षे काम करण्याची वाट पुन्हा खुली केली होती. तिसरे, जाणाऱ्यांत बहुसंख्य पदव्युत्तर शिक्षणासाठी जात होते. संपात अडकलेला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यांत बसत नाही. फार तर इतके म्हणता येईल की दशकभराच्या संपांनी देशातल्या विद्यापीठांवरचा विश्वास पातळ केला आणि ज्यांना शक्य होते त्यांनी संधी मिळताच ती घेतली.

विश्वास पातळ झाल्याचा अधिक भक्कम पुरावा देशातच आहे, आणि तो एका अपवादातून मिळतो. इलोरिन विद्यापीठाने २००१मध्ये संपात भाग घेतल्याबद्दल ४९ अध्यापकांना काढून टाकले. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. पण मधल्या काळात आणि पुढेही अनेक वर्षे इलोरिनने देशव्यापी संपांत भाग घेतला नाही. तिथले वेळापत्रक चालू राहिले. आणि गेल्या दशकात कितीतरी वर्षे प्रवेशपरीक्षेच्या अर्जांत सर्वाधिक पसंती इलोरिनला होती. जुनी, नामवंत इबादान-लागोस मागे, इलोरिन पुढे. पालकांना काय हवे होते हे त्यांनी अर्जाच्या पहिल्या रकान्यात लिहून ठेवले आहे. मात्र त्या चालू वेळापत्रकाची किंमत ४९ घरांनी मोजली होती, हेही त्याच नोंदीत धरले पाहिजे.

त्याच प्रवेशपरीक्षेचे २०२२चे वेळापत्रक मला या प्रकरणातला सर्वांत विलक्षण कागद वाटतो. संपाला बारा आठवड्यांची वाढ जाहीर झाली ९ मेला. देशव्यापी प्रवेशपरीक्षा सुरू झाली होती ६ मेला, आणि तेव्हा ती चालूच होती. अर्जदार १७ लाखांहून अधिक. म्हणजे ज्या सोमवारी आत असलेल्यांना आणखी तीन महिने घरी बसा असे सांगितले गेले, त्या सोमवारी बाहेर असलेले आत येण्यासाठी संगणकांसमोर बसले होते. परीक्षा मंडळाने आपले काम वेळेवर केले. परिणाम असा की आधीच्या वर्षीच्या परीक्षेतून निवडले गेलेले काही विद्यार्थी अजून पहिल्या वर्गाची वाट पाहत होते, आणि त्यांच्या मागे पुढची तुकडी येऊन उभी राहिली. काही विद्यापीठांनी यावर नंतर काढलेला उपाय असा : एक आख्खे शैक्षणिक वर्ष कॅलेंडरमधून गाळायचे. वर्षांच्या नावांत एक आकडा उडी मारतो.

विद्यापीठाच्या गावांतले हाल वृत्तपत्रांनी लिहिले : झेरॉक्सवाले, खाणावळी, मोटरसायकल-टॅक्सीवाले, भाड्याच्या खोल्यांचे मालक. ती वर्णने खरी वाटतात, एकमेकांशी जुळतातही. पण त्यांतून किती जणांचे किती बुडाले याचा हिशेब निघत नाही. घरी बसलेल्या तरुणांनी फसवणुकीचे, गुन्ह्यांचे मार्ग धरले, असेही बरेच बोलले आणि लिहिले गेले. त्याबाबत मी अधिक सावध आहे. २०२०च्या ऑक्टोबरात पोलिसांच्या विशेष पथकाविरुद्ध देशभर तरुण रस्त्यावर उतरले तेव्हा विद्यापीठे बंदच होती, हे खरे. विद्यापीठे चालू असती तर ते उतरले नसते, असे म्हणायला कसलाही आधार नाही. रिकाम्या हाताला सैतान काम देतो हे मत आहे, पुरावा नव्हे. निदान इतिहास लिहिताना तरी दोन्ही वेगळे ठेवावेत.

आता शेवटचे कागद, पैशांचे. संघटनेला औद्योगिक न्यायालयाच्या आदेशाविरुद्ध अपिलात जायचे होते. ७ ऑक्टोबरला अपील न्यायालयाने परवानगी दिली, पण अट घातली : आधी आदेश पाळा, कामावर जा. आठवड्याभरात, १४ ऑक्टोबरला, कार्यकारिणीने संप स्थगित केला. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती फेमी ग्बाजाबियामिला यांची मध्यस्थीही त्यात होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्राध्यापकांच्या खात्यात ऑक्टोबरचा पगार आला आणि गदारोळ उठला. पगार अपुरा होता. कामगार मंत्रालयाचा खुलासा : जितके दिवस काम तितक्या दिवसांचे पैसे. १४ ते ३१ ऑक्टोबर, अठरा दिवस. आठ महिन्यांचे काम नाही म्हणून वेतन नाही, यासाठी कामगार तंटा कायद्याच्या ४३व्या कलमाचा आधार होताच.

संघटनेचे उत्तर लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. ते असे, की प्राध्यापक रोजंदारीवरचे मजूर नव्हेत. संपात राहिलेले अध्यापन आणि परीक्षा आम्ही नंतर पूर्ण करतोच, मग त्या कामाचा पगार का नाही? हा युक्तिवाद मान्य केला तर त्याचा दुसरा अर्थही मान्य करावा लागतो : आठ महिन्यांचे शिकवणे नंतरच्या थोड्या आठवड्यांत कोंबून बसवले गेले. आणि सरकारचे म्हणणे मान्य केले, की ते काम झालेच नाही, तर मग त्या सत्राच्या पदव्या कशाच्या आधारावर दिल्या? दोन्ही पक्षांनी आपापली अर्धी बाजू मांडली. उरलेल्या अर्ध्या बाजूला दोघांनीही हात लावला नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी अडवलेल्या आठ महिन्यांपैकी चार महिन्यांचा पगार देण्यास मंजुरी दिली. प्रश्नाचे बरोबर दोन तुकडे केले गेले. चार महिने काम झाले असे सरकारने मानले की नुसती तडजोड केली, हे त्या मंजुरीतून उलगडत नाही.

विद्यार्थ्यांच्या महिन्यांसाठी अशी मंजुरी नाही, पण ते मोजण्याची एक जागा आहे. युवा सेवादलाचे सूट-प्रमाणपत्र जन्मतारीख आणि पदवीची तारीख यांच्या आधारावर मिळते. २०१९ ते २०२४ या वर्षांतल्या अशा प्रमाणपत्रांपैकी ज्यांची तिशी पदवीच्या आधीच्या चौदा महिन्यांत उलटली ते वेगळे काढायचे. त्यातून अर्धवेळ शिकणारे वजा करायचे, उशिरा प्रवेश घेतलेले वजा करायचे, नापास झाल्याने मागे पडलेले वजा करायचे. त्यासाठी प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेशनोंदी शेजारी ठेवाव्या लागतील, आणि इलोरिनच्या जुन्या तुकड्या तुलनेसाठी घ्याव्या लागतील. काम किचकट आहे, पण दोन तारखांच्या वजाबाकीचे आहे. शेवटी जी संख्या उरेल ती वृत्तपत्रांतल्या आकड्यांपेक्षा लहान असेल असा माझा अंदाज आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक एककाला जन्मतारीख असेल.